रंग पुराव्याचा की कल्पनेचा? जेट प्रतिकृतींच्या छद्मरंगांवरील वादाचा आढावा

सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमाने नाशिकजवळ ओझरला जोडली जातात आणि पुण्याच्या लोहगाव तळावरून उडतात. या दोन ठिकाणांच्या मध्ये अहिल्यानगर जिल्हा पसरला आहे. तरीही नगरची लष्करी ओळख जमिनीवरचीच. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई, केके रेंजचे मैदान आणि १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय ही त्या ओळखीची ठाणी. संग्रहालयातल्या रणगाड्यांसमोर उभा राहणारा सामान्य पाहुणा तोफेची लांबी आणि चिलखताची जाडी विचारतो. प्रतिकृती बनवणारा माणूस वेगळेच विचारतो: हा रंग युद्धातला की नंतर दिलेला?

रणगाड्याच्या बाबतीत हा प्रश्न निदान जवळ जाऊन, बोट लावून विचारता येतो. जेट विमानाच्या प्रतिकृतीपाशी तो आणखी अवघड होतो. तिथून त्याला दुसरा फाटा फुटतो: रंग खराच असला पाहिजे, असे तरी कुठे ठरले आहे? मिग-२१ वर हवाई दलाने कधीच न दिलेला, पण देता आला असता असा छद्मरंग (कॅमोफ्लाज) चढवला, तर ती प्रतिकृती उरते की नुसती शोभेची वस्तू होते? जगभरच्या छंदिष्टांमध्ये हा वाद जुना आहे. भारतीय विमानांच्या संदर्भात त्याला काही खास कंगोरे आहेत. वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, ते इथे क्रमाने पाहायचे आहे.

डब्यातले विमान

प्लास्टिकच्या जोडणी-संचांची सुरुवात १९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या मालिकेने झाली. ‘एअरफिक्स’ ही कंपनी १९३९ मध्ये निघाली आणि तिच्या विमानांच्या संचांना १९५० च्या दशकात बरकत आली. पुढे जपानमधल्या शिझुओका प्रांतातून ‘तामिया’ आणि ‘हासेगावा’ यांनी या क्षेत्राची पातळीच उंचावली. प्रमाणे ठरून गेली आहेत. १/७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच, १/४८ म्हणजे एका फुटाचा पाव इंच. १/७२ मध्ये सुखोई-३० साधारण तीस सेंटिमीटर लांब होते, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढे. मिग-२१ त्याहून बरेच लहान, वीस सेंटिमीटरच्या आसपास.

या १/७२ प्रमाणाचा एक जुना उपयोग वादाच्या दृष्टीने बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून ओळख-प्रशिक्षणासाठी विमानांच्या लाखो प्रतिकृती करून घ्यायचे ठरवले. त्या लाकडी प्रतिकृती काळ्या रंगवलेल्या असत. सैनिकाने विमान आकारावरून ओळखायचे होते, म्हणून रंग मुद्दामच गाळला होता. अचूक प्रतिकृती म्हणजे अचूक रंग हे समीकरण नंतरचे आहे. रंगांच्या छोट्या डब्या, पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा म्हणजे डिकल आणि विमानांची रंगचित्रे छापणारी पुस्तके बाजारात आली, तसतसे ते घट्ट होत गेले.

महाराष्ट्रात हा छंद आला तो बहुधा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून आणि मुंबई-पुण्यातल्या मोजक्या दुकानांतून. एनसीसीच्या एअर विंगमधले एरोमॉडेलिंग हा दुसरा दरवाजा, पण तिथे उड्डाणाला महत्त्व अधिक. रंगरंगोटीची खरी शाळा वेगळीच होती. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग मराठी घरात आधीपासून होते. आयात रंगाची डबी परवडेना, तेव्हा कॅमलचे ॲक्रिलिक कामी आले.

खऱ्या रंगांचीही कथा सरळ नाही

कल्पित छद्मरंगांबद्दल मत बनवण्याआधी खरे छद्मरंग किती चमत्कारिक होते, ते पाहिलेले बरे. १९१७ मध्ये ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी जहाजांवर काळ्या-पांढऱ्या-निळ्या तिरप्या पट्ट्यांची ‘डॅझल’ पद्धत आणली. जहाज लपवणे हा त्यामागचा हेतूच नव्हता. पाणबुडीतून नेम धरणाऱ्याचा जहाजाच्या दिशेचा आणि वेगाचा अंदाज चुकवायचा होता. दुसऱ्या महायुद्धात टेहळणीची काही स्पिटफायर विमाने चक्क फिकट गुलाबी रंगात उडाली, कारण ढगांखाली आणि पहाटेच्या-संध्याकाळच्या उजेडात तो रंग आकाशात मिसळे. पुढे भारताचे व्हाइसरॉय झालेल्या माउंटबॅटन यांच्या नावाने ओळखला जाणारा गुलाबी-जांभळट रंग ब्रिटिश युद्धनौकांवर त्याच काळात होता.

जेट युगातही हेच. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी विमाने पिवळसर तपकिरी आणि दोन हिरव्या छटांत होती. स्वीडनने आपल्या व्हिगन विमानांवर चार रंगांच्या टोकदार तुकड्यांची नक्षी चढवली. ती रंगवायला इतकी वेळखाऊ होती की नंतर करड्या रंगाकडे वळणेच सोयीचे ठरले. अमेरिकी चित्रकार कीथ फेरिस यांनी विमानाच्या पोटावर खोटी कॉकपिट रंगवण्याची कल्पना मांडली. समोरच्या वैमानिकाला विमान उलटे आहे की सुलटे याचा क्षणभर घोळ व्हावा, एवढाच उद्देश. कॅनडाच्या सीएफ-१८ विमानांवर ही खोटी कॉकपिट प्रत्यक्ष वापरात आली. १९६१ पासून भरणाऱ्या ‘नाटो टायगर मीट’मध्ये तर विमाने वाघाच्या पट्ट्यांत सजवून आणतात. यातला कोणताही रंग एखाद्या छंदिष्टाने स्वतःच्या मनाने दिला असता, तर त्याला वेड्यात काढले असते.

भारतीय हवाई दलाचा रंगेतिहासही असाच वळणावळणाचा आहे. हंटर विमाने ब्रिटिश पद्धतीच्या गडद हिरव्या आणि गडद सागरी करड्या रंगात होती. मिग-२१ मात्र सुरुवातीची बरीच वर्षे उघड्या धातूच्या चकाकीत उडाली. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास ती चकाकी झाकणे भाग पडले. हे काम तळातळावर, हाताशी असलेल्या रंगांनी झाले. परिणामी एकाच प्रकारच्या विमानांवर हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचे आणि ठिपक्यांचे निरनिराळे नमुने दिसू लागले. पुढच्या दशकांत हवेतल्या लढाईचे तंत्र बदलले, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आली, जमिनीच्या पार्श्वभूमीवर लपण्यापेक्षा आकाशात विरघळणे महत्त्वाचे झाले आणि करडा रंग सर्वत्र पसरला. सुखोई-३० करडी, राफेल करडे, तेजसही करडेच. शेवटची मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात ओझरला बनलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. छंदिष्टांच्या भाषेत सांगायचे, तर रंगीत पिढी गेली आणि करडी पिढी आली. कल्पित छद्मरंगांकडे ओढा वाढण्यात या कंटाळ्याचा वाटा असावा, असे मानायला जागा आहे.

पुराव्याचा पक्ष

पहिला पक्ष अस्सलाचा. त्याचे म्हणणे असे: प्रतिकृती हा लहान केलेला दस्तऐवज आहे. शेपटीवर जो क्रमांक लावला, त्या क्रमांकाचे विमान कुणीतरी प्रत्यक्ष उडवले होते, त्याची देखभाल कुणीतरी केली होती, काही वेळा त्यातून कुणी परत आले नव्हते. त्या क्रमांकाखाली मनाचा रंग देणे म्हणजे त्या माणसांच्या आठवणीत ढवळाढवळ करणे. नगरसारख्या, घरोघरी फौजेतली माणसे असलेल्या भागात या युक्तिवादाला भावनेचे वजन आहे आणि ते हलके लेखता येणार नाही.

या पक्षाची दुसरी बाजू शिस्तीची. एका विमानासाठी चार फोटो शोधणे, त्यातल्या पट्टीची कड पंखाच्या कोणत्या जोडावर येते ते पाहणे, डावी बाजू सापडली तरी उजवीचा अंदाज न करता थांबणे, यातून इतिहासाची सवय लागते. साधनेही आहेत. अमेरिकेचा फेडरल स्टँडर्ड ५९५ हा रंगक्रमांकांचा संच १९५६ पासून वापरात आला. ब्रिटनचा बीएस ३८१सी आहे. भारतात तयार रंगांच्या छटांसाठी आयएस ५ हे मानक आहे आणि आपल्याकडच्या रंगाच्या दुकानातली ‘ऑलिव्ह ग्रीन’ची पट्टी त्याच कुळातली.

अडचण पुराव्याच्या स्वभावात आहे. जुन्या रंगीत फिल्मवर हिरवा कधी निळसर, कधी पिवळट उतरतो. कृष्णधवल फोटोत दोन वेगळे रंग एकसारखे दिसतात. राजस्थानच्या उन्हात सहा महिने उभे असलेले विमान आणि कारखान्यातून नुकतेच आलेले विमान यांच्या छटा जुळत नाहीत. दोन्ही खऱ्याच असतात. मग प्रत्यक्ष विमान पाहावे म्हटले, तर महाराष्ट्रात आणि शेजारच्या गोव्यात जागा आहेत: मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत, पुण्याच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३, गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर. पण उघड्यावर ठेवलेल्या यंत्राला ऊन-पावसातून वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा रंगवावेच लागते, आणि त्या वेळी उद्देश जपणुकीचा असतो, छटेच्या संशोधनाचा नव्हे. जगभरच्या संग्रहालयांची ही अडचण आहे. आकार, रिव्हेटच्या रांगा, चाकांची घरे यांसाठी अशी विमाने अमोल आहेत. रंगासाठी त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे.

अस्सलवाल्यांच्या आतही एक भांडण आहे, ते रंग फिका करण्याचे. १/७२ ची प्रतिकृती हातभर अंतरावरून, म्हणजे साधारण पन्नास सेंटिमीटरवरून पाहिली, तर ते खरे विमान छत्तीस मीटरवरून पाहिल्यासारखे होते. इतक्या अंतरावर हवेमुळे रंग थोडा फिकट आणि निळसर दिसतो. म्हणून या प्रमाणात मूळ रंगात सुमारे १५ टक्के पांढरा मिसळावा, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. विरोधकांचा प्रतिप्रश्न साधा आहे: प्रतिकृती घरातल्या दिव्याखाली ठेवायची की दुपारच्या उन्हात, हे त्या ठोकताळ्याला कुठे ठाऊक असते? दोन्ही गटांना स्वतःचे डोळे प्रमाण वाटतात. हा मुद्दा सुटेल असे दिसत नाही.

कल्पनेचा पक्ष आणि त्याचे तीन प्रवाह

कल्पनेच्या बाजूला सगळे एका माळेचे मणी नाहीत. इथे निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने चालतात आणि वादातला निम्मा गोंधळ त्यामुळेच होतो.

पहिला प्रवाह ‘असे घडले असते तर’ या प्रश्नाचा. इंग्रजी जगात त्याला ‘व्हॉट-इफ’ म्हणतात. भारतीय छंदिष्टासाठी या प्रवाहाचे सर्वांत सुपीक उदाहरण मारुत हेच. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने घडवलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. त्याच्या सांगाड्याला साजेसे ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळाले नाही. आफ्टरबर्नर नसलेल्या दोन ऑर्फियस इंजिनांवरच त्याला भागवावे लागले. इजिप्तमध्ये विकसित होत असलेले ई-३०० इंजिन एका मारुतवर बसवून तपासले गेले, पण तोही धागा तुटला. एकूण १४७ विमाने बनली आणि १९९० च्या सुमारास मारुत निवृत्त झाले. इंजिन मिळाले असते तर? ते १९९९ पर्यंत टिकले असते तर हिमालयात त्याला कोणता रंग दिला असता? इजिप्तने ते विकत घेतले असते तर वाळवंटी रंगात कसे दिसले असते? या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस इतिहास टाळत नाही. त्याला इतिहास जास्तच वाचावा लागतो, कारण कल्पित रंगालाही काळ, रणभूमी आणि उपलब्ध रंगसाठा यांचा हिशेब द्यावा लागतो.

दुसरा प्रवाह कथाविश्वांचा आहे. जपानमध्ये काओरू शिंतानी यांच्या ‘एरिया ८८’ या १९७९ मध्ये सुरू झालेल्या चित्रकथेतली विमाने, ‘एस कॉम्बॅट’ या व्हिडिओ गेममधली विमाने यांचे संच हासेगावाने रीतसर बाजारात आणले. इथे मजेदार उलथापालथ होते. विमान काल्पनिक पथकाचे असते, पण त्याचा रंग मात्र पडद्यावर दिसतो तसाच हवा म्हणून खरेदीदार हट्ट धरतो. कल्पनेलाही अखेर अस्सलपणाचे नियम लागतात.

तिसरा प्रवाह निखळ सजावटीचा. कथा नाही, काळ नाही. आकाराला शोभेल असे रंग, तीक्ष्ण तुकडे, संगणकी चौकटी, वाटल्यास पैठणीचा मोर. अस्सलवाल्यांची खरी नाराजी बहुतेक वेळा या प्रवाहावर असते आणि ती ‘व्हॉट-इफ’वाल्यांवरही निघते. सजावटीच्या बाजूने मात्र एक रास्त मुद्दा मांडला जातो. हा माणूस रंगकाम शिकतो आहे. कापडावर चित्र काढणाऱ्याला पुरावा मागत नाहीत, मग प्लास्टिकवर काढणाऱ्याला का?

महाराष्ट्राला हा झगडा परका नाही. दिवाळीच्या किल्ल्याच्या स्पर्धांमध्ये रायगड किंवा प्रतापगड अभ्यासून उभारलेला किल्ला आणि अंगणातल्या पोरांनी मनाने रचलेला, हळीव पेरलेला, गुहेत वाघ बसवलेला किल्ला यांना एकाच पट्टीने मोजायचे का, यावर परीक्षकांची दरवर्षी जुंपते. बऱ्याच ठिकाणी उत्तर निघाले आहे ते दोन वेगळ्या गटांचे.

ब्रशपाशी आल्यावर

कागदावर हे पक्ष एकमेकांसमोर उभे असले, तरी टेबलावर दोघांचे काम सारखेच. प्लास्टिकच्या चौकटीतून भाग कापणे, सांधे पुट्टीने भरणे, पॉलिशपेपरने घासणे, प्राइमर मारणे, मग रंग. छद्मरंगाच्या दोन पट्ट्यांमधली कड ही खरी परीक्षा. खऱ्या विमानावर स्प्रेगनने आलेली धूसर कड पाच सेंटिमीटर रुंद असली, तर १/७२ मध्ये ती पाऊण मिलिमीटरही भरत नाही. एवढी नाजूक धूसरता साधायला एअरब्रश बारीक नळीचा हवा, रंग दुधाएवढा पातळ हवा आणि हात स्थिर हवा. काही जण चिकट मातीच्या वळ्या करून त्यांच्या आधाराने रंग फवारतात. स्वीडिश पद्धतीच्या टोकदार नक्षीला मात्र धूसरता चालत नाही. तिथे टेपचे तुकडे कापण्यात कित्येक संध्याकाळी जातात.

नगरकडच्या हवेचे स्वतःचे म्हणणे असते. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या उन्हाने रंग नळीच्या तोंडाशीच वाळतो आणि पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. परदेशी पुस्तकातले हवेचे दाब आणि मिसळीची प्रमाणे इथे जशीच्या तशी चालत नाहीत. दुसरीकडे, गणपतीच्या कारखान्यांत कॉम्प्रेसर आणि स्प्रेगनवर मूर्तीच्या गालाची छटा लीलया उतरवणारे कारागीर जागोजागी आहेत. छंदिष्ट आणि हे कारागीर यांची गाठ क्वचितच पडते. पडायला हवी.

या टप्प्यावर तिसरे मतांतर येते, झिजेचे. एका शैलीत विमानाचा प्रत्येक पत्रा वेगळ्या छटेत, जोडाच्या रेषा काळसर, तेलाचे ओघळ, उडालेला रंग असे सारे ठळक दाखवतात. स्पेनमधल्या कलावंतांनी ही शैली लोकप्रिय केली. तिचे टीकाकार म्हणतात की चालू सेवेतले जेट इतके कळकट नसते. तळावरची माणसे ते पुसतात. समर्थकांचे उत्तर असे की लहान वस्तूवर खोली दाखवायची तर थोडी अतिशयोक्ती लागतेच, नाटकातल्या रंगभूषेलाही ती लागते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की अस्सल रंगाचा आग्रह धरणारे कित्येक जण झिजेच्या बाबतीत मुक्तपणे कल्पना वापरतात. दोन पक्षांमधली भिंत इथे पातळ होते.

नगरच्या मातीवर लपायचे तर

कल्पित छद्मरंगाला कसोटी लावता येते का? येते, आणि त्यासाठी जिल्ह्याचाच भूगोल उपयोगी आहे. समजा, कुणी ठरवले की अहिल्यानगर जिल्ह्यावरून कमी उंचीवर उडणाऱ्या जॅग्वार विमानाला स्थानिक छद्मरंग द्यायचा. पहिला प्रश्न: कोणत्या महिन्यात? ऑगस्टमध्ये अकोले तालुका, कळसूबाई आणि भंडारदऱ्याचा परिसर गच्च हिरवा असतो. त्याच वेळी पर्जन्यछायेतले कर्जत-जामखेड अर्धे तपकिरी असते. श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात उसाचा हिरवा बारमाही. मेमध्ये बहुतेक जिल्हा काळी माती, वाळलेले गवत आणि उघडा खडक अशा तीन छटांवर येतो. सगळ्याला पुरणारा एक रंग नाही. छद्मरंग तयार करणाऱ्या खऱ्या संस्थांपुढेही हाच पेच असतो. भारतात जोधपूरची संरक्षण प्रयोगशाळा या विषयावर काम करते. म्हणून प्रत्यक्षात रंग हा तडजोडीचा निघतो आणि तो प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा चुकतो.

चांगल्या कल्पित रंगयोजनेत ही तडजोड दिसते. हौशी योजनेत ती दिसत नाही. तिथे विमान एकाच चित्रासारख्या भूभागासाठी रंगवलेले असते. वरून पाहणाऱ्यासाठी वरची बाजू, खालून पाहणाऱ्यासाठी पोट, बाजूने येणाऱ्या उजेडात सावली मोडण्यासाठी छटांचा चढ-उतार, हा विचार केलेला आहे की नाही, हे जाणकार लगेच ओळखतो. भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये आणि हवाई दलाने ऑक्टोबर २०२२ मध्ये संगणकी ठिपक्यांच्या धर्तीचे नवे गणवेश आणले. तेव्हापासून अशी नक्षी भारतीय विमानावर कशी दिसेल, हा प्रश्न कल्पनेच्या पक्षाला खुणावत असणार. युक्रेन आणि स्लोव्हाकिया यांनी मिग-२९ वर अशी नक्षी प्रत्यक्ष वापरली आहे, त्यामुळे तिला निव्वळ स्वप्नरंजन म्हणता येत नाही.

स्पर्धांचे उत्तर

आंतरराष्ट्रीय प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी ही संघटना १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. तिच्या परंपरेतल्या परीक्षणात पहिला भर जोडणीच्या सफाईवर असतो: सांधा दिसतो का, पंख समपातळीत आहेत का, डिकलखाली हवा अडकली आहे का. छटा अचूक आहे की नाही, यावर गुण कापण्याबाबत परीक्षक सावध असतात, कारण परीक्षकाचे ज्ञानही अपुरे असू शकते. कल्पित यंत्रांसाठी वेगळा गट ठेवण्याची पद्धतही रूढ आहे.

यावर दोन आक्षेप येतात. अस्सलवाले म्हणतात, महिनोन्‌महिने संशोधन करणाऱ्याच्या कष्टाला मग किंमत काय? कल्पनेचा पक्ष म्हणतो, वेगळा गट म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. प्रतिकृतीसोबत एक पानाची टीप ठेवावी, संशोधन केले असेल तर त्याचा आधार द्यावा, कल्पना असेल तर तिचे तर्कशास्त्र मांडावे, ही सूचना अधूनमधून केली जाते आणि सध्या तरी तीच सर्वांत व्यवहार्य वाटते. तिच्यामुळे एक धोकाही टळतो. कल्पित रंगातल्या विमानाचा फोटो संदर्भाशिवाय फिरू लागला की दोन वर्षांत तोच कुणासाठी पुरावा होऊन बसतो.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पैशाचा. आयातशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांच्याच रांगेत बसतात. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. देशी खेळणीउद्योगाला त्याचा फायदा झाला असेल. विमानाच्या संचांना मात्र देशी पर्याय फारसा नाही. विरोधाभास असा की एअरफिक्सच्या अनेक डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले आढळते, कारण त्या कंपनीने बरेच उत्पादन भारतात करून घेतले आहे. साचे चालवण्याचे कौशल्य देशात आहे, पण त्या साच्यांतून मारुत निघत नाही. संच महाग असला की चुकण्याची भीती वाढते आणि नवा माणूस कल्पनेच्या वाटेला जायला कचरतो. वादाच्या या आर्थिक बाजूवर फार कमी बोलले जाते.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. कल्पित रंगयोजनेत खऱ्या पथकाचे बोधचिन्ह वापरावे का? चालू सेवेतल्या पथकाचे? युद्धात पडलेल्या वैमानिकाच्या विमानाचा क्रमांक? इथे मते अजून विस्कळीत आहेत. काल्पनिक रंगाला काल्पनिकच क्रमांक द्यावा, हा संकेत बरेच जण पाळतात आणि तो पाळण्यात कुणाचे नुकसान नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न नोंदींचा. १९७१ मध्ये तळांवर घाईने दिलेल्या रंगांची सुसंगत, प्रकाशित रंगसूची छंदिष्टांच्या हाती नाही. जे आहे ते काही अभ्यासकांच्या पुस्तकांत, आणि बाकीचे निवृत्त वैमानिक आणि तंत्रज्ञांच्या घरगुती अल्बममध्ये. ही पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. पुराव्याचा पक्ष जिंकायचा असो की कल्पनेच्या पक्षाला भक्कम पाया हवा असो, दोघांनाही हेच फोटो लागणार आहेत. अहिल्यानगर, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत ज्यांच्या घरी वडील-आजोबांचे हवाई दलातले जुने फोटो असतील, त्यांनी ते एकदा बाहेर काढावेत, वडीलधारी मंडळी सांगू शकतात तोवर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने साल, तळ, विमानाचा प्रकार आणि आठवत असेल तर रंग लिहून ठेवावा.